आर्विलाबाई आणि प्लगचा रंग

ट्रक चिखलात रुतला तिथून आम्ही पायी निघालो त्याला बराच वेळ झाला होता, तरी लाडॉनची पिवळी गाडी अजून तेवढीच दिसत होती, करंगळीच्या नखाएवढी. मिठाच्या या सपाट मैदानावर चालताना असंच होतं. मध्ये झाड नाही, दगड नाही, त्यामुळे आपण किती चाललो ते पायांना कळतं, डोळ्यांना कळत नाही. बुटाखाली मीठ कुरकुरत होतं आणि तळव्याला चिकटून बूट जड होत होते. मी मधूनमधून उभी राहून एक बूट दुसऱ्यावर आपटत होते. आर्विलाबाई थांबत नव्हत्या. खांद्याला त्यांची ती कळकट कॅनव्हासची पिशवी, तिच्यात नट खोलायचे पाने आणि भिंग. पाण्याचा कॅन माझ्या हातात.

"दे इकडे तो कॅन," त्या मागे न बघता म्हणाल्या. "तुला सवय नाही."

"शाळेच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं बटाट्याची पोती कोण उचलत होतं?"

"बटाटे सांडत नाहीत. पाणी सांडतं."

त्यांच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. त्यांची लेक लाडॉन बोलत होती. "आई, कुठे आहात तुम्ही? इकडे माझं लोणचं व्हायला लागलंय. मीठ आहेच, नुसती फोडणी घाला."

"येतोय. हात लावलास का कशाला?"

"नाही बाई. बॉनेटसुद्धा उघडलेलं नाही."

"शहाणी आहेस. सावलीत बस."

"सावली? आई, इथे सावली गाडीखाली आहे, आणि गाडी जमिनीपासून वीतभर वर आहे!"

आर्विलाबाई हसल्या आणि बटण सोडलं. मी हसले नाही. मला त्या रुतलेल्या ट्रकचं कोडं सुटत नव्हतं.

झालं होतं असं. सप्टेंबरात क्लबच्या शर्यती असतात. त्याआधी आमच्या वेंडोव्हर गावातली चार-पाच घरं मिळून परवाना काढतात आणि मिठावर एक पट्टा आखून आपापल्या गाड्या पळवून बघतात. लाडॉनची धाव शेवटची होती. तिने गाडी पूर्ण वेगाला नेली आणि त्याच वेगात इंजिन बंद केलं. मग गाडी नुसती घरंगळत लांब जाऊन थांबली. आम्ही दोघींनी बाजूच्या रस्त्याने ट्रक घेऊन तिला आणायला जायचं होतं. त्या रस्त्याला दोन्हीकडून नारिंगी बावटे लावलेले असतात. बावट्यांच्या बाहेर मिठाचा पापड पातळ आणि खाली राखाडी चिखल, हे वेंडोव्हरमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ट्रक आर्विलाबाई चालवत होत्या. रस्ता सरळ होता. आणि त्या सरळ रस्त्यावर, जणू समोर वळण आलं असं, त्यांनी चाक डावीकडे घेतलं. "बाई, बावटे!" असं मी ओरडेपर्यंत पुढची चाकं खाली गेली होती.

व्हर्ल म्हणून आर्विलाबाईंच्या नवऱ्याचे, ड्वेनचे, जुने दोस्त आहेत, ते सुरुवातीच्या रेषेवर असतात. त्यांना वॉकीटॉकीवर कळवलं, तर ते म्हणाले, "आर्विला? तू? मासे धरायला गेलीस की काय?" सामान आवरून, साखळी घेऊन येतो म्हणाले. तोवर बसून राहतील त्या आर्विलाबाई कसल्या! "आधी प्लग, मग ट्रक," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

आर्विलाबाईंना मी ओळखते ते शाळेच्या स्वयंपाकघरापासून. माझे यजमान पोटॅशच्या कारखान्यात, त्यांचे ड्वेनही तिथेच. मी नवीन होते, इंग्रजी तुटकं, आणि मुख्य स्वयंपाकीणबाई ह्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाव भाजायची भट्टी दिली आणि सांगितलं, "घड्याळ बघू नकोस, रंग बघ." मला फार बरं वाटलं. आमच्याकडे घड्याळ लावून कोण भाजतं? स्वयंपाकघरात त्यांच्या चर्चच्या रीतीप्रमाणे सगळ्याजणी एकमेकींच्या सिस्टर. मी त्यांच्या चर्चची नाही, तरी मीही सिस्टर. पुढे ओळख वाढली तशी मी शैलाची शायला झाले. अजूनही राग आला की मी सिस्टर असते, एरवी शायला. चर्चच्या नियमाप्रमाणे त्या चहा-कॉफीला शिवत नाहीत, आणि माझा थर्मास बघितला की न चुकता म्हणतात, "ते पाप आपल्या कडेला ठेव."

त्यांची खरी हुशारी मला कळली ती मिठावर. ड्वेननी तरुणपणी ही पिवळी गाडी, जुनी स्टुडबेकर, घेतली, तिच्यात मोठं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि त्याच्या डोक्यावर सुपरचार्जर चढवला. रबरी पट्ट्यावर फिरणारा पंपच तो, इंजिनात हवा ठासून भरतो. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणून आग जास्त. एवढ्या आगीला ठिणगी देणारा प्लग कुठला लावायचा हाच सगळा प्रश्न असतो. प्लगच्या टोकाला चिनीमातीचं पांढरं नाक असतं. ते लांब असेल तर तापून राहतं, तो गरम प्लग. आखूड असेल तर उष्णता पटकन इंजिनाच्या धातूला देऊन टाकतं, तो थंड प्लग. साध्या गाडीला गरम बरा, स्वतःची काजळी स्वतः जाळतो. पण सुपरचार्जरच्या आगीत त्याचं टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवतं. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोट. तो ॲल्युमिनियमचा, वितळतो. म्हणून थंड प्लग घ्यायचा. फार थंड घेतला, तर रांगेत उभ्या उभ्या तो ओला आणि काळा होतो, गाडी खोकून मरते. आणि ठिणगीची फटही लहान ठेवायची, कारण आत हवेचा जोर एवढा की ठिणगी विझते. वारा असला की आपण निरांजनाभोवती तळहात धरतो ना, तसंच ते.

प्लग किती थंड त्याचे नंबर असतात. आता कुठला नंबर बरोबर हे पुस्तकात बघून थोडंफार कळतं. पक्कं कळतं ते पळून आलेला प्लग काढून त्याचा रंग बघितल्यावर. तेही गाडी पूर्ण वेगात असताना इंजिन बंद केलं असेल तरच. बंद करायच्या आधी क्षणभर जरी संथ चालू ठेवलं, तर नाकावर काजळीचा हात फिरतो आणि प्लग खोटं बोलतो. आणि ड्वेनना तर रंगच कळत नव्हते. लाल-हिरवं एक, तपकिरीच्या सगळ्या छटा एक. त्यामुळे लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यापासून प्लग आर्विलाबाई वाचत आल्या. ड्वेन गाडी चालवत, या नाक बघून नंबर सांगत. ड्वेन गेले. गाडी लाडॉनकडे आली, आणि बापाची नजरही तिच्याकडेच आली होती. मुलींमध्ये असं क्वचित होतं म्हणतात, पण झालं. तिला पिकलेला टोमॅटो हाताने दाबून बघावा लागतो. त्यामुळे गाडी तिने चालवायची आणि प्लग आईने वाचायचे, हेच चालू राहिलं.

गेल्या वर्षी लाडॉनने सुपरचार्जरची वरची पुली लहान लावली. पुली लहान म्हणजे पंप जोरात फिरणार, हवा आणखी भरणार. पहिल्या धावेनंतर आर्विलाबाईंनी प्लग बघितले आणि म्हणाल्या, "छान बदामी. चल पुढे." दुसऱ्या धावेत पिस्टनला भोक पडलं. तेल मागच्या चाकाखाली आलं आणि गाडी भोवऱ्यासारखी गरगरत गेली. मी लांबून बघत होते. तोंडातून रामनामसुद्धा निघेना. लाडॉन बाहेर आली, ओकली, मग हसली. तिने पिस्टन बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि हिवाळाभर राबून इंजिन नव्याने उभं केलं. आज ते पहिल्यांदाच पळालं होतं. या वेळी आर्विलाबाईंनी आधीपेक्षा एक नंबर थंड प्लग निवडला होता. तो बरोबर आहे की नाही ते आता त्या आठ नाकांवर लिहिलेलं असणार होतं. बरोबर असेल, तर पुढच्या महिन्यात लाडॉन बापाचा हुकलेला विक्रम गाठायला बसणार. चूक असेल आणि चूक दिसली नाही, तर पुन्हा भोवरा. हे सगळं डोक्यात घेऊन मी चालत होते.

एव्हाना आम्ही पट्ट्यावर आलो होतो. लाडॉनच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या मिठावर उमटल्या होत्या, दोरी लावून आखल्यासारख्या सरळ. आम्ही त्यांच्या मधून चाललो होतो. आणि माझ्या लक्षात आलं, आर्विलाबाई हळूहळू डावीकडे सरकत होत्या. चाकोरी ओलांडून बाहेर गेल्या. मी कोपर धरून आत आणलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"बाई," मी म्हटलं, "चाकोरी सोडताय तुम्ही."

"मी कुठे सोडतेय? तीच वळलीय इथे."

मी चाकोरीकडे बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं.

"वळलेली नाही, बाई."

त्या उभ्या राहिल्या. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला आणि खाली बघितलं. मग पिशवी मिठावर ठेवली आणि त्या पिशवीवरच बसल्या. "पाणी दे," म्हणाल्या.

मी झाकणात पाणी दिलं. प्यायल्या.

"अगदी सरळ आहे?"

"फुटपट्टीसारखी."

"मला इथे मधोमध वाकलेली दिसते. रस्ताही तसाच दिसला." त्यांनी झाकण उलटं करून उरलेलं पाणी झटकलं. "टुएला गावच्या डॉक्टरने चौकटींचा कागद दाखवला. सगळ्या रेघा सरळ आहेत म्हणाला. मला जाळ्यावर कुणी बसून उठल्यासारखं दिसलं. आता तर मधोमध डागच आहे. कडेकडेचं दिसतं. तुझे कान दिसतात, नाक नाही."

"उपचार?"

"डोळ्यात सुई टोचतात. याहून बिघडू नये म्हणून. नणंद घेऊन जाते. लाडॉनला दाताला जाते म्हणून सांगितलंय."

"तरीच! मी ह्यांना म्हटलं, एवढे दात आहेत तरी किती बाईंना."

त्या हसल्या, पण ते हसू लवकर संपलं. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, "गेल्या वर्षी?"

"तेव्हाच सुरू झालं होतं. मला वाटलं चष्म्याला मीठ लागलंय. पुसला, परत बघितलं. बदामी दिसलं." मग म्हणाल्या, "बदामी हवं होतं म्हणून दिसलं. ते प्लग माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत. कुणाला दाखवले नाहीत."

वारा नव्हता. लांबवर डोंगर हवेत तरंगल्यासारखे दिसत होते. मी पुन्हा पाणी पुढे केलं.

"लाडॉनला सांगितलं तर ती गाडी विकून टाकेल," त्या म्हणाल्या. "नाहीतर न विकता डोळे झाकून चालवेल. ड्वेनचीच पोर ती. दोन्ही नकोत मला. स्वयंपाकघर सुटलं, ड्वेन गेले. लोक मला 'आर्विला, जरा बघ गं' म्हणून हाक मारतात ते फक्त इथे." मग आवाज बदलला. स्वयंपाकघरात शंभर पोरांचं जेवण कमी पडायला आलं की असाच बदलायचा. "ऐक. माझ्याकडे उपाय आहे. लाडॉन प्लग माझ्या हातात देईल. मी भिंगातून बघितल्यासारखं करीन आणि मग धरायला तुझ्याकडे देईन. तू नीट बघ. चांगला असेल तर म्हण, ऊन फार आहे. पिस्टन वितळल्याचे ठिपके असतील तर म्हण, पाणी पिऊ या."

"बाई, मला खोटं जमत नाही."

"खोटं कुठे आहे त्यात? ऊन आहेच. तहानही लागलीच आहे."

इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की मला हसू आलं. पण मी मान हलवली. "त्या गाडीत तुमची लेक बसते. मी तिला लहानपणी पाव वाढलेत. रंग मी सांगीन, पण तिच्यासमोर, मोठ्याने सांगीन. असलं नाटक माझ्याच्याने व्हायचं नाही."

"ठीक आहे, सिस्टर," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्या माझ्यावर रागावल्या होत्या, पण माझं कोपर धरून चालत होत्या. मध्ये एकदा ओठ हलताना दिसले. माझेही हलत होते. त्यांची प्रार्थना त्यांच्या देवाला, माझं नामस्मरण माझ्या देवाला, आणि दोघांना बघायला खाली आठ प्लग.

लाडॉन गाडीच्या बाजूला सावलीच्या चिंचोळ्या पट्टीत आडवी पडली होती. चंदेरी सूट कमरेपर्यंत उतरवलेला, तोंड टोमॅटोसारखं. आम्हाला बघून उठून बसली.

"ट्रक कुठंय?"

"रुतला."

"कुणी रुतवला?"

"मी," आर्विलाबाई म्हणाल्या.

"तू? बावट्यांच्या बाहेर? आई, बाबांनी असंच केलं तेव्हा तू तर आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हतीस!"

"प्लग काढ," आर्विलाबाई म्हणाल्या.

लाडॉनने पोटभर पाणी पिऊन घेतलं, उरलेलं डोक्यावर ओतलं, बॉनेट काढून बाजूला ठेवलं. पान्याने एकेक प्लग सैल केला, बोटांनी फिरवून बाहेर काढला आणि टॉवेलवर ओळीने मांडला. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे त्यात चुकून चालत नाही. मग पहिला उचलून तिने आईच्या हातात दिला.

आर्विलाबाईंनी पिशवीतून भिंग काढलं. प्लग सूर्याकडे धरला. मान थोडी तिरकी केली, मग दुसरीकडे. इतका वेळ लावला की लाडॉन पान्याने मांडीवर ताल धरायला लागली.

"ऊन फार आहे," आर्विलाबाईच म्हणाल्या.

माझ्याकडून हवा असलेला शब्द त्यांनी स्वतःच उच्चारला होता आणि आता त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे म्हणजे माझ्या कानाकडे. मी प्लग घ्यायला हात पुढे केला नाही.

त्यांनी भिंग खाली घेतलं. "लाडॉन, मला मधलं दिसत नाही."

"चष्मा पूस ना."

"चष्म्याचं नाही. डोळ्यांचं आहे. गेल्या ऑगस्टपासून."

लाडॉनचा पाना थांबला. तिने प्लगकडे बघितलं. मग लांबवर, जिथे गेल्या वर्षी भोवरा झाला होता तिकडे बघितलं. उठली आणि गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आली. मागच्या चाकाला लाथ मारल्याचा आवाज आम्ही ऐकला. समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता फुटणार.

"दात!" ती म्हणाली. "तू दाताला जात होतीस!"

"हो."

"मी तुला मऊ मऊ सूप करून पाठवत होते!"

"चांगलं होतं सूप. मीठ कमी होतं."

"आणि ट्रक चालवत होतीस!"

"इथे धडकायला आहे काय?"

"चिखल आहे, आई!" लाडॉन ओरडली. मग तिथेच मिठावर बसली आणि हाताने तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसतेय की रडतेय मला कळेना. बहुतेक दोन्ही होतं. आर्विलाबाई वाकल्या, चाचपडत तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. "पिस्टनवाल्याला उगीच शिव्या दिल्यास," त्या म्हणाल्या. "माफी मागून टाक मनातल्या मनात."

"तू माग."

"मी रोज मागते."

शेवटी लाडॉनने नाक पुसलं. "आता हे वाचणार कोण? मला तर सगळे सारखेच. करड्या रंगाचे आठ दात."

"शायला वाचेल," आर्विलाबाई म्हणाल्या, आणि भिंग माझ्याकडे धरलं.

मी कधी एकटीने बघितलं नव्हतं. त्यांच्या शेजारी उभं राहून बघायची, ते वेगळं. पदर खोचल्यासारख्या बाह्या वर केल्या आणि पहिला प्लग घेतला. मनात म्हटलं, गणपती बाप्पा, मला दिसेल तेवढंच बोलायची बुद्धी दे.

"नाक कसं आहे?"

"तपकिरी..." मी म्हटलं आणि अडकले. तपकिरी म्हणजे काहीच नाही. "बाई, बेसन भाजतो ना, तसं."

दिवाळीला त्या माझ्याकडे येत आणि लाडवांचं बेसन हलवायला बसत. परतायचं कधी थांबवायचं यावरून आमचं दर वर्षी भांडण.

"वास सुटायच्या आधीचं की नंतरचं?" त्यांनी विचारलं.

"नंतरचं. पण लगेच नंतरचं. गॅस बंद करायचा तेव्हाचं."

"छान. वरची वाकवलेली पट्टी बघ. आगीने कुठपर्यंत रंग बदललाय?"

"बरोबर वाकते तिथे निळसर झालीय."

"छान. पुढचा."

दुसरा तसाच. तिसरा तसाच. लाडॉन माझ्या तोंडाकडे बघत होती, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तशी. चौथा थोडा फिका, आर्विलाबाईंनी मान डोलावली. असं करत आम्ही ओळीच्या शेवटाकडे आलो. मागच्या कोपऱ्यातल्या सिलिंडरचा प्लग घेतला. रंग चांगलाच होता. लांबून बघितला असता तर मीही बदामीच म्हटलं असतं. भिंगाखाली धरला आणि माझा हात थांबला.

"काय?" आर्विलाबाई म्हणाल्या.

"कण आहेत."

"केवढे? खसखशीएवढे?"

"त्याहून बारीक. रांगोळीच्या दाण्यासारखे. नाकाच्या एकाच अंगाला आहेत."

"काळे की चमकतात?"

मी प्लग उन्हात फिरवला. एकदा फिरवून खात्री होईना म्हणून पुन्हा फिरवला. "चमकतात. मिठाईवर चांदीचा वर्ख असतो, तो चुरगळल्यावर कसा दिसतो, तसं."

आर्विलाबाईंनी मोठा श्वास सोडला. "ॲल्युमिनियम," त्या लाडॉनला म्हणाल्या. "पिस्टन घाम गाळायला लागलाय. नुकताच."

"म्हणजे पुढच्या धावेला..."

"हो."

लाडॉन पांढरी पडली. मग हळूहळू तिच्या तोंडावर रंग परत आला, कारण आता आर्विलाबाई बोलायला लागल्या होत्या, आणि मी त्यांना इतकं भराभर बोलताना वर्षभरात ऐकलं नव्हतं. कोपऱ्यातल्या त्या सिलिंडरला पेट्रोल थोडं वाढव, तो कायमच तापट, तुझ्या वडिलांच्या वेळेपासून. आठही प्लग आणखी एक नंबर थंड घ्यायचे. पुली लहान केलीस तेव्हाच घ्यायला हवे होते. फट आणखी जरा कमी करायची, फट मोजायची पातळ पट्टी अडखळत गेली पाहिजे एवढी. आणि मग आज पळालीस तशीच पळ, तसंच इंजिन बंद कर, आज अगदी स्वच्छ बंद केलंस, म्हणून तर हे कण दिसले.

"इतके थंड प्लग रांगेत काळे पडतील, आई."

"मग गरम प्लगवर इंजिन तापव आणि नंबर यायच्या आधी बदल."

"तापल्या इंजिनावर आठ प्लग? हात भाजतील माझे!"

"भाजू देत. तुझ्या वडिलांनीही असाच आळस करून दोनदा गाडी रांगेतच बंद पाडली. तू त्यांच्यावर डोळ्यांपुरती जा, तेवढं पुरे."

लाडॉन हसली. आता मात्र नक्की हसलीच. "शैलाआंटी, तुम्ही साक्षीदार आहात. ही बाई मला आंधळेपणावरून बोलतेय."

लांबून व्हर्लचा ट्रक येताना दिसला, मागे साखळीने ओढत आणलेला आमचा, चाकांपासून दारापर्यंत राखाडी. व्हर्ल खाली उतरले आणि पहिलं वाक्य म्हणाले, "आर्विला, मासा केवढा मिळाला?" आर्विलाबाई म्हणाल्या, "खसखशीहून लहान, पण मिळाला." व्हर्लना काही कळलं नाही. लाडॉनने त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. व्हर्लनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली आणि आर्विलाबाईंच्या हातातली ट्रकची किल्ली हळूच काढून घेतली. बाईंनी ती दिली. कुरकुर केली, पण दिली.

लाडॉन आणि व्हर्ल गाडीला दोर बांधत होते तेव्हा आम्ही दोघी ट्रकच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसलो. मी थर्मास उघडला. "ते पाप कडेला ठेव," असं त्या म्हणाल्या नाहीत, तेव्हा मला कळलं त्या कसल्यातरी विचारात आहेत. भिंग अजून माझ्याजवळच होतं. मी ते परत द्यायला गेले, तर त्यांनी माझी मूठ मिटली.

"शायला, गुरुवारी मोकळी आहेस का?"

"आहे."

"मग बेसन घेऊन माझ्याकडे ये. तुझी ती जाड कढईही आण. भाजताना मध्ये मध्ये थांबायचं आणि प्रत्येक वेळी चमचाभर वेगळ्या वाटीत काढायचं, कच्च्यापासून करपेपर्यंत. कुठल्या वाटीला तू काय म्हणतेस ते मला पाठ करायचंय. मला वास येतो, वासावरून ठेवीन मी लक्षात. सप्टेंबरात तू रंग सांगितलास की मला नंबर सांगता आला पाहिजे, अडखळायला वेळ नसतो तिथे."

"साखरही आणते मग. एवढं भाजलेलं टाकायचं कशाला?"

"आण. लाडॉनलाही बोलावते." त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आणि शिवणाच्या डब्यातले ते गेल्या वर्षीचे प्लग मी टेबलावर काढून ठेवीन. तेही त्या वाट्यांशेजारी धरून वाच. लाडॉनसमोर वाच, मोठ्याने वाच, आणि मला बरं वाटावं म्हणून एकही रंग बदलू नकोस."